बातमीखालचे थर

तेरणेच्या काठी वसलेल्या तेर या गावी पावसाची पहिली जोराची सर येऊन गेली की पांढरीच्या टेकाडांवरून मातीबरोबर जुन्या वस्तू वाहून खाली येतात. त्यांत मणी असतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे असतात, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि नक्षीदार खापरे असतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर निगुतीने जमविल्या आणि त्या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे व्यापारी नगर असल्याचा उल्लेख येतो. ते तगर म्हणजे हेच तेर, असे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लीट या संशोधकाने प्रतिपादिले आणि पुढील उत्खननांनी त्यास पुष्टी दिली. उत्खननाचा एक साधा दंडक असा की, वस्तू जमिनीतून उचलण्यापूर्वी ती कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली सापडली, याची नोंद झाली पाहिजे. ही नोंद राहून गेली तर वस्तू कितीही देखणी असो, तिचा काळ आणि तिचा धनी सांगणे कठीण होऊन बसते. पावसाने उघडी पडलेली वस्तू आणि थरातून निघालेली वस्तू यांत भेद आहे तो हाच.

वृत्तपत्रांच्या पृष्ठांवर निर्वासितांचे जे दर्शन घडते, ते बहुतांशी पावसाने उघड्या पडलेल्या खापरासारखे असते. तंबूंच्या रांगा दिसतात, पाण्याच्या टाकीभोवतीची झुंबड दिसते, मुलाला कडेवर घेऊन निघालेली स्त्री दिसते. मृतांचा आकडा असतो, मदत पाठविणाऱ्या देशांची नावे असतात. वाचकाचे मन क्षणभर द्रवते आणि तो पान उलटतो. ही माणसे तेथे कोठून आली, केव्हा आली, कोणाच्या भयाने आली आणि अद्याप परत का गेली नाहीत, हे प्रश्न बातमीत विचारलेच गेलेले नसल्यामुळे त्याच्याही मनात ते उमटत नाहीत.

पॅलेस्टिनी निर्वासितांच्या बाबतीत हे पंचाहत्तरांहून अधिक वर्षे चालत आले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस म्हणून नेण्यात आले आणि त्यानंतरच्या युद्धात इस्रायलच्या माऱ्याखाली गाझा पट्टीतील हजारो माणसे मेली, बहुसंख्य रहिवाशांना घरे सोडावी लागली, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. या रहिवाशांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक लोक युद्धाच्या पूर्वीच निर्वासित म्हणून नोंदलेले होते, ही गोष्ट मात्र किती वाचकांच्या ध्यानात आहे? २०२३ साली त्यांनी सोडली ती घरे मुळातच दुसरीकडून हाकलल्या गेलेल्या आजा-पणजांनी उभारलेली होती. एवढी एक गोष्ट कळली तरी बातमीचा अर्थ पालटतो. मग ती केवळ एका युद्धाची बातमी राहत नाही.

हा दोष परक्या मुलखाविषयीच्या अज्ञानातून उद्भवतो, असे कोणी म्हणेल. वृत्तसंस्थेने जे धाडले ते छापले, यात संपादकाचा अपराध कोणता? परंतु तसे असते तर निदान घरच्या निर्वासितांची कहाणी तरी वृत्तपत्रांनी धडपणे सांगितली असती. ज्या जिल्ह्यात तेर आहे त्या धाराशिव जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर तसे घडलेले दिसत नाही. विशेष हे की, पॅलेस्टाइन आणि हैदराबाद हे दोन्ही प्रश्न एकाच काळात, जवळजवळ एकाच पंचांगानुसार उलगडत गेले.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संमत केला. भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. त्याच दिवशी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांचा लेही या ज्यू अतिरेकी संघटनेच्या लोकांनी गोळ्या घालून खून केला. महायुद्धाच्या अखेरीस नाझींच्या बंदिछावण्यांतून हजारो कैद्यांची सुटका घडवून आणणारे हे स्वीडिश गृहस्थ होते. पॅलेस्टिनी निर्वासितांचा घरी परतण्याचा हक्क मान्य झाला पाहिजे, असे त्यांनी आदल्याच दिवशीच्या तारखेच्या आपल्या अहवालात नमूद केले होते. ११ डिसेंबर १९४८ रोजी आमसभेने १९४ क्रमांकाच्या ठरावाने ते तत्त्व स्वीकारले. सात लाखांच्या आसपास माणसे तोवर घरादारास मुकली होती. ठराव कागदावर राहिला आणि माणसे छावण्यांत राहिली.

इकडे निजामी राज्यात काय चालले होते? धाराशिव जिल्ह्याची पश्चिम सरहद्द सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यास भिडलेली होती. येडशीच्या पुढे बालाघाटाची कड उतरली की पांगरी आणि पांगरीच्या पुढे बार्शी. अलीकडे निजामाचे करोडगिरीचे नाके आणि हाली सिक्का, तर पलीकडे कलदार रुपया आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारताचा ध्वज. तेरसारख्या गावांपासून ही सरहद्द बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर होती. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात मोडत असे. रझाकारांनी लूट, जाळपोळ आणि खून यांचे थैमान मांडले तेव्हा हजारो कुटुंबांनी ही वाट धरली आणि बार्शी, सोलापूर या भागांत आसरा घेतला. पेरणीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या शेतकऱ्याचे त्या वर्षाचे पीक बुडते, बैल विकावे लागले तर पुढचेही बुडते, आणि सावकाराचे देणे मात्र वाढतच राहते. स्थलांतराचा हा जमाखर्च ज्यांनी सोसला ती पिढी आता जवळजवळ संपली आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला आणि पाचव्या दिवशी निजामी राजवट संपली. सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबे घरोघर परतली. दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनास वृत्तपत्रे जी कहाणी सांगतात ती बहुधा येथे संपते. ही कहाणी खोटी नाही. निजामी जुलूम खरा होता, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्याग खरा होता, बार्शीच्या वाटेवर निघालेल्या माणसांचे हाल खरे होते. परंतु ती जेथे संपविली जाते, तेथूनच दुसऱ्या निर्वासितांची कहाणी सुरू होते.

शरणागतीनंतरच्या आठवड्यांत या भागातील मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. त्यांची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी राज्याच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून माहिती गोळा केली. संपूर्ण राज्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अदमास होता, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे त्यांनी सर्वाधिक पोळलेले म्हणून नोंदविले. लातूर शहरातील सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजारच त्यांना तेथे आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते आणि उरलेले केवळ जीव वाचवून पळाले होते. खेड्यांतून उठलेल्या पुष्कळांनी हैदराबाद शहर गाठले. सैन्याच्या वागणुकीबद्दल अहवालाने एकंदरीत समाधान व्यक्त केले असले तरी काही ठिकाणी सैनिकांनी आणि पोलिसांनीच लुटीत व हत्येत भाग घेतल्याचेही त्यात म्हटले आहे. सरदार पटेल यांना हा अहवाल मान्य नव्हता. तो प्रसिद्ध झाला नाही. काही उतारे मधल्या काळात बाहेर आले, तथापि संपूर्ण अहवाल अभ्यासकांना दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात आणि छापील स्वरूपात पाहावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे पासष्ट वर्षांनी.

या अहवालातील दोन गोष्टी वृत्तपत्रांच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली अशी की, हेच चार जिल्हे रझाकारांचे मुख्य अड्डे होते आणि तेथील जनतेने रझाकारांचा जाच सर्वांत अधिक सोसला होता, हेही अहवालाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. म्हणजे चौकशी करणाऱ्यांनी वरचा थर नोंदविताना खालचा थर पुसून टाकला नाही. दुसरी अशी की, हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना प्राण धोक्यात घालून वाचविल्याची उदाहरणे त्यांना आढळली आणि एकाच धंद्यातील लोकांत हा बंधुभाव विशेष दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी जबर किंमत मोजल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या जिल्ह्यात गोरोबा कुंभारांची समाधी आहे, कष्टकऱ्यांच्या भक्तीची एवढी मोठी परंपरा आहे, त्या जिल्ह्यातील वाचकाला ही हकिकत ठाऊक असावयास नको काय? हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची निर्घृण हत्या झाली. हिंदू विरुद्ध मुसलमान अशी दोन खान्यांची मांडणी केली की हा मुसलमान संपादकही मावत नाही आणि ते हिंदू विणकरही मावत नाहीत.

तात्पर्य, बातमी कोणत्या तारखेपासून सुरू करावयाची आणि कोणत्या तारखेस थांबवावयाची, हा निर्णय दिसावयास संपादकीय सोयीचा असला तरी वस्तुतः तो न्यायनिवाडाच असतो. १९४८ ची कहाणी १७ सप्टेंबरला संपविली की दुसरे निर्वासित अदृश्य होतात. ती १८ सप्टेंबरपासून सुरू केली की बार्शीच्या वाटेवरचे निर्वासित अदृश्य होतात आणि रझाकार नावाचे कोणी नव्हतेच, असे भासू लागते. दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या सोयीची तारीख निवडतात. गाझाची बातमी ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू करणारा त्यापूर्वीची पंचाहत्तर वर्षे गाळतो आणि ती ८ ऑक्टोबरपासून सुरू करणारा आदल्या दिवशीची प्रेते गाळतो. १९४८ पर्यंत मागे गेले तरी थर संपत नाहीत. त्याच्या खाली युरोपातील साठ लाख ज्यूंच्या संहाराचा थर आहे आणि त्याहीखाली पॅलेस्टाइनवरील ब्रिटिश अंमलाचा व त्या काळातील आश्वासनांचा. १९४८ नंतर अरब देशांतून लाखो ज्यूंना बाहेर पडावे लागले, तोही याच भूमीतला एक थर आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजामुळे मराठी वाचकाचे त्या देशाशी भाषेचे नाते आहे, तर हैदराबादच्या अनुभवामुळे निर्वासितांशी सोसण्याचे नाते आहे. दोन्ही बाजू समजून घेण्याची अशी सवड फार थोड्या वाचकांना लाभलेली असेल.

स्थलांतराचा एक आर्थिक भाग असतो आणि बातम्यांतून सर्वांत आधी गळतो तो हाच. निर्वासित जाताना अंगावरच्या वस्त्रानिशी जातो, याचाच अर्थ त्याचे शेत, विहीर, घर, दुकान आणि येणे बाकी मागे राहते. ते कोणीतरी घेतेच. इस्रायलने १९५० साली गैरहजर मालकांच्या मालमत्तेविषयी कायदा केला आणि परागंदा झालेल्या पॅलेस्टिनींची जमीन व घरे त्याखाली गेली. भारतातही १९५० सालीच निष्क्रांत मालमत्तेचा कायदा झाला. कायद्याखाली गेलेल्या मालमत्तेची निदान नोंद असते. भीतीपोटी कवडीमोलाने लिहून दिलेल्या किंवा नुसत्याच बळकावलेल्या मालमत्तेची तीही नसते. निर्वासितांविषयी केवळ करुणा उत्पन्न करणारी बातमी त्यांना दानाचे पात्र बनविते. त्यांनी मागे काय सोडले हे सांगणारी बातमी त्यांचे हक्क वाचकासमोर ठेवते. दानाचा प्रश्न धान्याची पोती पोचली की मिटल्यासारखा वाटतो, पण हक्काचा प्रश्न तसा मिटत नाही. म्हणूनच कदाचित तो विचारला जात नाही.

या मागणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पूर्वपीठिका सांगणे म्हणजे अत्याचाराचे समर्थन करणे. हा आक्षेप गैरसमजावर आधारलेला आहे. दुष्काळाची कारणे सांगणारा दुष्काळाचे समर्थन करीत नाही. रझाकारांचा जुलूम सांगितल्याने लातुरातील निरपराध व्यापाऱ्याचा खून क्षम्य ठरत नाही आणि छावण्यांतील तीन पिढ्यांचे दैन्य सांगितल्याने ओलीस नेलेल्या मुलाचा अपराध सिद्ध होत नाही. कारणे कळली तर पुन्हा तसे घडू नये म्हणून काय करावे, याचा निदान विचार सुरू होतो.

दुसरा आक्षेप जागेचा. वृत्तपत्र म्हणजे काही इतिहासाचा ग्रंथ नव्हे, हे मान्य. परंतु पूर्वपीठिकेस पाने लागत नाहीत. ‘या छावणीतील कुटुंबे १९४८ च्या युद्धात आज इस्रायलमध्ये असलेल्या गावांतून आली. त्यांना परतू द्यावे असा संयुक्त राष्ट्रांचा ठराव असून इस्रायलला तो मान्य नाही.’ एवढी दोन वाक्ये बातमीच्या शेवटी घालण्यास किती ओळी लागतील? खेळाच्या बातमीत यापूर्वीचे सामने कोणी जिंकले हे न चुकता सांगितले जाते. बाजारभावाच्या बातमीत गेल्या वर्षीचा भाव दिलेला असतो. निर्वासिताच्या वाट्याला मात्र कालचा दिवसदेखील येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावोगाव लोक आज एकत्र नांदत आहेत, जुन्या जखमा उकरून काय साधणार, असे जाणती माणसेही विचारतात. या भीतीत तथ्य नाही असे नाही. परंतु जे छापले जात नाही ते नाहीसे होते, असा अनुभव नाही. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे की, बाजारात मालाची टंचाई झाली आणि मागणी कायम राहिली की काळाबाजार सुरू होतो. माहितीचेही तसेच आहे. अहवाल पासष्ट वर्षे कुलपात राहिला, म्हणून लोकांनी त्या दिवसांविषयी बोलणे सोडले नाही. एका घरात आकडा दसपट झाला, दुसऱ्या घरात असे काही घडलेच नाही, असे सांगितले गेले, आणि आपापल्या घरचा आकडा खरा मानून दोन पिढ्या वाढल्या. आज हातोहाती पसरणारा खोटा मजकूर याच टंचाईवर पोसलेला आहे. त्याला उतारा हवा असेल तर सप्रमाण माहितीचा पुरवठा वाढविणे, एवढाच मार्ग आहे.

येथे एक भेदही ध्यानात ठेवला पाहिजे. बार्शी-सोलापूरकडे गेलेल्या निर्वासितांना महिन्यांच्या अंतराने का होईना, घरी परतता आले, म्हणून त्यांचा प्रश्न उरला नाही आणि त्यांची छावणी ही आठवण झाली. पॅलेस्टिनींना परतता आले नाही, म्हणून त्यांची छावणी हेच गाव झाले. परतण्याची वाट मोकळी असणे वा नसणे यावर निर्वासिताचे पुढचे शतक अवलंबून असते. मराठवाड्याच्या माणसाला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. त्याच्याच जिल्ह्यात एकाच वर्षी काही जण परतले आणि काही जण परतले नाहीत.

१९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आता नव्वदीच्या घरात आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वजारोहण होते, स्वातंत्र्यसैनिकांचे स्मरण होते, पुरवण्या निघतात. त्या पुरवण्यांत ठरावीक मजकुरासमवेत यापुढे काही नवे छापता येण्यासारखे आहे. बार्शीच्या वाटेने गेलेल्या कुटुंबांच्या आणि लातूर-धाराशिवहून हैदराबादेस गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी शेजारी शेजारी याव्यात. सुंदरलाल समितीच्या अहवालातील या जिल्ह्यासंबंधीचा भाग मराठीत, त्यावरील आक्षेपांसह, वाचकांपुढे ठेवावा. तहसिलीतील जुन्या खासरा पत्रकांवरून जमिनीचे धनी कसे पालटले याचा शोध महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. हे काम करण्यास आणखी दहा वर्षे थांबले तर सांगणारे कोणी उरणार नाही.

घरच्या इतिहासाची अशी नोंद करण्याची सवय लागली तर दूरच्या छावणीची बातमीही वेगळ्या हाताने लिहिली जाईल. गाझातील वा अन्य कोठल्या तंबूचे छायाचित्र समोर आले की ही माणसे कोठून आली, केव्हा आली, का आली आणि परत का गेली नाहीत, हे चार प्रश्न संपादकाने बातमीला विचारावेत. तेरच्या टेकाडावर खोदकाम करणारा संशोधक खापराच्या एका तुकड्यासाठी एवढी दक्षता घेतो. जिवंत माणसांच्या बाबतीत तेवढीच दक्षता मागणे अवाजवी म्हणता येणार नाही.